विहीर सगळ्यांची, गाळ कोणी काढायचा?

२०२५ च्या दिवाळीतली, २० ऑक्टोबरची दुपार. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात आत्या चकलीचा शेवटचा घाणा तळत होती आणि भाची मोबाइलवर शुभेच्छापत्र रंगवत बसली होती. घाणा उतरला, शुभेच्छापत्र अडकलं. नेट चालू, रेंज पूर्ण, पण अ‍ॅप ढिम्म हलेना. संध्याकाळी कळलं की अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात, अमेझॉन या बड्या कंपनीच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला आणि त्याच्या जिवावर चालणारी जगभरची कितीतरी अ‍ॅप्स एकदम आडवी झाली.

"ढग बंद पडतो म्हणजे काय रे?" आत्याने विचारलं. "आणि आपल्या दिवाळीचं कार्ड व्हर्जिनियात कशाला पाठवायचं?"

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. असा बिघाड झाला की लगेच दोन सल्ले ऐकू येतात: आपला क्लाउड आपणच उभारावा, आणि त्यासाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्यावं, ते फुकट आहे. मी गेली अठरा वर्षं इंदुरात सर्व्हर सांभाळूनच पोट भरतो, त्यामुळे या 'फुकट' शब्दावर मला जरा बोलायचं आहे. पण आधी ढग.

ढग कसला, वाडाच तो

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत असलेले आणि आपण भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर. मोठी शेड, आत कपाटांच्या रांगा, कपाटांत सर्व्हर, चोवीस तास एसी आणि मागे जनरेटर. आकाशाशी याचा काडीचा संबंध नाही.

गंमत आहे ती भाड्याच्या पद्धतीत. एका दांडग्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने पंधरा-वीस भाग पाडता येतात आणि प्रत्येक भाग स्वतःला अख्खा कॉम्प्युटर समजतो. या भागाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मी पुढे त्याला नुसतं 'बिऱ्हाड' म्हणणार आहे. आत्याचं लहानपण राजवाड्यामागच्या एका वाड्यात गेलं. एक जोतं, एक दिंडीदरवाजा आणि आत चौदा बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. शेजारच्याकडे आज काय शिजलंय ते वासावरून कळे तेवढंच. सर्व्हरमध्ये तो वासही येऊ नये इतक्या पक्क्या भिंती घालाव्या लागतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सोय २००७ पासून आतच बसवलेली आहे, तिचं नाव केव्हीएम.

एक वाडा असेल तर मालक स्वतः बघेल. पण वाडे हजार असतील तर? कुठली खोली रिकामी आहे, कोणाला कुठली किल्ली द्यायची, कोणाचं सामान कुठल्या कोठीत आहे, कोणी किती दिवस राहिलं आणि भाडं किती झालं, हे सगळं बघायला दिवाणजी लागतो. क्लाउडचं सॉफ्टवेअर म्हणजे हा दिवाणजी. २००६ साली अमेझॉनने तासावर कॉम्प्युटर भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा खरी कमाल त्या यंत्रांची नव्हती. माणूस मध्ये न घालता मिनिटभरात बिऱ्हाड थाटून देणाऱ्या दिवाणजीची होती.

दिवाळीच्या दुपारी जे बिघडलं ते दिवाणजीच्या दप्तरातच. नावावरून पत्ता सांगणारी एक वही असते, तिला डीएनएस म्हणतात. ती वही अद्ययावत ठेवायला स्वयंचलित कारकून होते. एक कारकून रेंगाळला आणि त्याने जुनीच यादी वहीत उतरवली; दुसरा त्याच वेळी जुन्या याद्या साफ करत होता, त्याने ती पुसली. पान कोरं. सर्व्हर ठणठणीत होते, पण त्यांचा पत्ता कोणालाच सांगता येईना. कंपनीने नंतर हे सगळं तपशीलवार जाहीर केलं, हे तिचं कौतुकच. पण तोपर्यंत बाकीच्यांना वाट बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं, कारण दप्तर बंद खोलीत होतं.

नर्मदेची लाइन आणि वाड्यातली विहीर

इंदूरकराला नर्मदेची लाइन समजावून सांगावी लागत नाही. १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी उचललेलं पाणी शहरात आलं आणि वाड्यावाड्यांतल्या विहिरी हळूहळू निवृत्त झाल्या. नळ सोडला की पाणी. लाइन फुटली की मात्र अख्खी वस्ती बादल्या घेऊन टँकरच्या मागे. मोठ्या कंपनीचा क्लाउड हा या लाइनसारखा आहे. सोयीचा, भरपूर, आणि व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या हातात.

ओपन सोर्स क्लाउड म्हणजे वाड्यातली विहीर. पोहरा आपला, दोर आपला. आत्या सांगते, दर वैशाखात विहिरीचा गाळ काढत. दोन दिवस पाणी बंद, दोघंतिघं घमेली घेऊन खाली, आणि काम संपलं की वाड्याच्या मालकाकडून सगळ्यांना आमरसाचं जेवण. नळ आल्यावर गाळ काढणं थांबलं. विहीर कोणी मुद्दाम बुजवली नाही. चार-पाच वर्षांत तिची आपोआप कचराकुंडी झाली.

ओपन सोर्सबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढ्यात आलं, पण तपशिलात मजा आहे.

फुकट नेमकं काय मिळतं?

प्रोग्रॅमर लिहितो त्या मजकुराला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो दाखवत नाहीत, फक्त चालणारा प्रोग्रॅम देतात. ओपन सोर्समध्ये मजकूरच उघडा असतो, आणि सोबत एक परवानापत्र असतं: वाचा, वापरा, बदला, पुढे द्या, हवं तर विकासुद्धा.

क्लाउडच्या दिवाणजीचं सगळ्यात प्रसिद्ध उघडं दप्तर म्हणजे ओपनस्टॅक. जुलै २०१० मध्ये ते दोन टोकांच्या दोन संस्थांनी मिळून सुरू केलं: अमेरिकेची अवकाश संस्था नासा आणि रॅकस्पेस ही सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी. नासाने बिऱ्हाडं थाटून देणारा भाग आणला, त्याचं नाव नोव्हा. रॅकस्पेसने सामान साठवणारा भाग आणला, त्याचं नाव स्विफ्ट. पुढे किल्ल्या सांभाळणारा कीस्टोन आला, बोळ आणि रस्ते आखणारा न्यूट्रॉन आला. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. आवृत्त्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं देत. २०१० ला 'ऑस्टिन'पासून निघालेली गाडी २०२२ ला 'झेड'वर पोहोचली आणि पुन्हा 'ए'वर आली. याच जातीचं दुसरं दप्तर क्लाउडस्टॅक. ते सिट्रिक्स कंपनीने २०१२ मध्ये अपाची फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या स्वाधीन केलं. लहान चमूला सांभाळायला ते सोपं, असं माझं मत.

हे खेळणं नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत २०१३ पासून ओपनस्टॅक चालतं, तीन लाखांहून जास्त प्रोसेसर-कोअरवर. इंदूरकरांनी इथे कॉलर थोडी ताठ करायला हरकत नाही. सर्नचा २७ किलोमीटर घेराचा कणवेगक उभारताना त्याचे चुंबक अचूक जागी धरून ठेवणाऱ्या जॅकची रचना आपल्या 'कॅट'मध्ये, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात झाली होती. त्या यंत्रातून निघणारी माहिती आज या उघड्या दप्तराच्या भरवशावर तपासली जाते.

एका ओळीचा प्रवास

लोकांना वाटतं, ओपन सोर्स म्हणजे कोणीही येऊन काहीही लिहून जातं. धर्मशाळेची भिंतच जणू. प्रत्यक्षात अशा प्रकल्पात एक ओळ बदलणं हे आमच्या ऑफिसात एक ओळ बदलण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. मी स्वतः एका मोठ्या प्रकल्पाला पहिला बदल पाठवला तेव्हा चूक होती एका अंकाची. तो बदल स्वीकारला जायला एकोणीस दिवस आणि सात फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत मला सांगितलं गेलं की ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली आहे.

ओपनस्टॅकमधली पद्धत अशी. चूक सापडली की आधी ती नोंदवायची: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मग दुरुस्ती लिहून तपासणीच्या फलकावर मांडायची, सोबत ती का केली याचा खुलासा. लगेच यंत्रं कामाला लागतात. तुमची दुरुस्ती घेऊन छोटासा क्लाउड उभा करतात, बिऱ्हाडं थाटतात, मोडतात, आणि काही तुटलं तर लाल खूण देतात. हिरवी खूण आली तरी काम झालं असं नाही. आता माणसं वाचतात. बहुतेक भागांत दोन जाणत्यांची संमती लागते. या जाणत्यांना मेंटेनर म्हणू, म्हणजे निगा राखणारे. ते कोणी नेमलेले साहेब नसतात. वर्षानुवर्षं इतरांचं काम नीट तपासलं म्हणून बाकीच्यांनी मान दिलेले असतात. दोघांनी हो म्हटल्यावर दुरुस्ती रांगेत लागते आणि तिथे तिची पुन्हा परीक्षा होते. या वेळी रांगेत पुढे असलेल्या सगळ्यांच्या दुरुस्त्या धरून, कारण तुमची दुरुस्ती एकटी बरोबर असेल आणि पुढच्याच्या जोडीने चूक ठरेल.

आणि एवढं झाल्यावर, लोक जुन्या आवृत्त्या वापरत असतात, त्यांतही तीच दुरुस्ती एकेक करून न्यायची.

यातलं नवं बांधकाम किती असतं? बाहेरच्याला वाटतं त्यापेक्षा फार कमी. ओपनस्टॅक ज्या पायथन भाषेत लिहिलंय, तिची जुनी आवृत्ती, पायथन २, हिचा आधार १ जानेवारी २०२० ला संपणार हे आधीच जाहीर झालेलं होतं. त्यामुळे कित्येक वर्षं असंख्य लोक जुन्या ओळी नव्या व्याकरणात बसवत होते. मे २०२० च्या आवृत्तीत जुनी भाषा निघाली. वापरणाऱ्याला काय नवीन मिळालं? काहीही नाही. न केलं असतं तर? सगळंच बसलं असतं. सध्या असाच एक गाळ उपसणं चालू आहे. एकाच वेळी अनेक कामं हाताळायला सुरुवातीच्या काळात 'इव्हेंटलेट' नावाचा जो तयार भाग वापरला होता, त्याचे स्वतःचेच निगा राखणारे उरले नाहीत, म्हणून तो ओपनस्टॅकच्या कानाकोपऱ्यातून काढायचं काम सुरू आहे. घराच्या पायातली एक वीट बदलायची, पण घर एक दिवसही रिकामं करायचं नाही, असा तो प्रकार.

"उघडं आहे, मग चोरालाही दिसेल ना?"

दिसतं. म्हणून गंभीर चूक सापडली तर ती आधी खासगीत कळवायची, दुरुस्ती गुपचूप तयार करायची आणि ठरल्या दिवशी दोन्ही एकदम जाहीर करायचं, असा रिवाज आहे. पण 'हजार डोळे बघतात म्हणून सुरक्षित' हा युक्तिवादही मला पूर्ण पटत नाही. डोळे असतात, ते बघतात का हा प्रश्न आहे.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कुलपाच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. इंटरनेटवरचा मोठा भाग या कुलपावर चालत होता, आणि ते सांभाळणाऱ्या संस्थेला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर. दोन हजार! त्यानंतर कुठे बड्या कंपन्यांनी मदतीला पैसे दिले.

२०२४ ची गोष्ट याहून विलक्षण. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं साधं सॉफ्टवेअर, जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असलेलं, मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. आपली ताकद कमी पडते आहे, हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्याने उघडपणे लिहिलं होतं. तिथे 'जिया टॅन' नावाने कोणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या आणि मग आत चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, का, तर सर्व्हरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं म्हणून. २९ मार्च २०२४ ला त्याने ते जाहीर केलं, तेव्हा तो माल मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचला होता.

कोड उघडा होता म्हणून फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं, हे खरं. चोर आत शिरला तो मात्र कोड उघडा असल्यामुळे नाही. विहिरीवर एकच थकलेला माणूस होता म्हणून.

"मग यांचं पोट कसं भरतं?"

हौशी पोरं रात्री जागून लिहितात, हे चित्र क्लाउडच्या बाबतीत फारसं खरं नाही. ओपनस्टॅक किंवा गुगलने २०१४ मध्ये खुलं केलेलं कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालते ठेवणारा दुसरा दिवाणजी), यांतलं बरंचसं काम पगारी माणसं करतात. रेड हॅट, कॅनॉनिकल यांसारख्या कंपन्या सॉफ्टवेअर फुकट देतात आणि जबाबदारी विकतात: रात्री तीनला बंद पडलं तर आमचा माणूस फोन उचलेल. यात पैसा किती, तर २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना घेतली.

या व्यवस्थेत दोन ठिकाणी पाणी मुरतं. पहिलं, कंपनीचं मन बदलतं. एचपीने ओपनस्टॅकवर मोठा डाव लावला होता आणि जानेवारी २०१६ मध्ये आपला सार्वजनिक क्लाउड बंद केला. पगार थांबला की ती माणसं दुसऱ्या कामाला लागतात. त्यांनी लिहिलेला कोड तिथेच राहतो आणि त्याचा गाळ बाकीच्यांच्या वाट्याला येतो.

दुसरं, मालक विहिरीला कुलूप लावतो. हॅशीकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं, म्हणजे क्लाउडची मांडणी लिहून ठेवायच्या साधनाचं, परवानापत्र बदललं; झटपट लागणारी माहिती साठवणाऱ्या रेडिसने मार्च २०२४ मध्ये तेच केलं. कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी: आम्ही खणायचं आणि बड्या क्लाउडवाल्यांनी पाणी विकायचं, हे किती दिवस चालणार? पण आधी दिलेलं परवानापत्र परत घेता येत नाही. लोकांनी जुनी प्रत उचलली आणि शेजारी नवी विहीर सुरू केली. टेराफॉर्मची ओपनटोफू झाली, रेडिसची व्हॅल्की झाली. २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक खुला परवाना जोडला. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी आधी विचारतो: हे एका कंपनीचं आहे की फाउंडेशनचं? ओपनस्टॅकसाठी २०१२ पासून स्वतंत्र फाउंडेशन आहे, २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. तिथे कुलूप लावायला एकटा मालकच नाही.

अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, अन्नछत्रं उभारली ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांनी पुढच्या खर्चासाठी वर्षासनंही लावून दिली आणि तो पैसा खासगीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून दिला, ही गोष्ट आपण सांगायला विसरतो.

"मग इंदूरच्या छोट्या कंपनीने काय करावं?"

तुमच्याकडे तीन-चार सर्व्हर असतील तर ओपनस्टॅकच्या वाटेला जाऊ नका. खरंच. दिवाणजी ठेवायला आधी वाडे हवेत. विजयनगरमधल्या पाच जणांच्या ऑफिसने भाड्याचा क्लाउड घ्यावा, बॅकअप मात्र दुसऱ्या ठिकाणी ठेवावा, आणि निदान ज्या तयार भागांवर आपलं दुकान चालतं त्यांची यादी भिंतीवर लावावी. अशी यादी मी मागतो तेव्हा दहातल्या आठ ठिकाणी ती नसते.

विद्यापीठं, बँका, राज्यांची डेटा सेंटरं यांचं गणित वेगळं. त्यांचं काम मोठं, वर्षानुवर्षं चालणारं, आणि भाडं वाढलं तर पळायला जागा नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्व्हरची बिऱ्हाडं पाडणारं बंद सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि कायमचे परवाने विकणं बंद केलं, तेव्हा जगभरातल्या अशा अनेक संस्था हिशेब करायला बसल्या. तिथे विहीर परवडते, पण अंदाजपत्रकात गाळाचा खर्च धरलेला असेल तरच. निविदेत 'सॉफ्टवेअर: शून्य रुपये' लिहून खाली माणसांचा रकाना कोरा सोडला, तर दोन वर्षांत तिथे कालबाह्य आवृत्ती आणि नोकरी सोडून गेलेला एक इंजिनिअर एवढंच उरतं. ओपनस्टॅकवाल्यांनाही ही अडचण कळली आहे. दर सहा महिन्यांनी बदलायला माणसं पुरत नाहीत म्हणून २०२३ पासून त्यांनी मधली आवृत्ती गाळून वर्षातून एकदाच नव्या आवृत्तीवर उडी मारायची सोय केली.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ओपन सोर्स म्हणजे डेटा भारतातच राहील, असं नाही. डेटा कुठे आहे हा इमारतीचा प्रश्न, सॉफ्टवेअर कोणाचं हा दप्तराचा. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं, तो नियम परदेशी कंपन्यांची भारतातली केंद्रंही पाळू शकतात. आणि दिवाळीतला तो पत्त्याच्या वहीचा घोटाळा उघड्या दप्तरातही झाला असता. फरक इतकाच की दुपारी साडेबारालाच दप्तर उघडून बघणारे चारजण आपले असते.

घमेलं उचलायला

सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कॅम्पसपासून घरातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसपर्यंत, या शहरात हजारो लोक रोज ओपन सोर्सवर पोट भरतात. परत काही पाठवणारे माझ्या ओळखीत मोजून सहा. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपल्याला कुठे एवढं येतं, भिया." पण पहिलं काम कोड लिहिण्याचं नसतंच. नीट नोंदवलेली चूक, जुनाट झालेलं माहितीपत्रक सुधारणं, दुसऱ्याची दुरुस्ती आपल्या यंत्रावर चालवून 'इथे चालली' किंवा 'इथे फुटली' एवढं कळवणं. थकलेल्या मेंटेनरला यातलंच हवं असतं.

गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलगी माझ्याकडे इंटर्नशिपला होती. क्लाउडची मांडणी करताना माहितीपत्रकातली एक आज्ञा तिच्याकडे चालेना. दोन दिवस तिला वाटलं, आपलंच चुकतंय. तिसऱ्या दिवशी तिने शोधलं की ती आज्ञा दोन आवृत्त्यांपूर्वीच बदलली होती, कागदावर जुनीच राहिली होती. तिने ती ओळ बदलून पाठवली. चार फेऱ्यांत, अकरा दिवसांत ती स्वीकारली गेली. एक संमती ब्राझीलमधून आली, एक पोलंडमधून. आता ती एका तुटलेल्या चाचणीच्या मागे आहे, या वेळी खरा कोड आहे. काल तिसऱ्या फेरीला लाल खूण आली.